नागपुरात गाडी घेऊन येताय? तो पिवळा दिवा आधी समजून घ्या

दर जूनमध्ये मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा परिसर) नाहीतर एम्समध्ये रुजू झालेलं पुण्या-सांगलीकडचं कोणीतरी फोन करतं. घर कुठे बघू, कूलर लागतोच का, आणि डिसेंबर उजाडला की हमखास: "काका, डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं काहीतरी पिवळं लागलंय."

घराचं एका ओळीत सांगतो: ऑफिस मिहानला असेल तर मनीषनगर, बेसा बघा, धरमपेठेच्या प्रेमात पडू नका. कूलर लागतो. मी २०१२ साली सांगलीहून आलो आणि दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला, तेव्हा वाद नको.

आता दिवा. नालेत उद्गारचिन्ह म्हणजे कुठल्यातरी टायरात हवा कमी आहे. दिवा सरळ लागून राहिला तर हवेचा प्रश्न. गाडी चालू करताच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर सेन्सरचा किंवा यंत्रणेचा बिघाड, तिथे हवा भरून काही होत नाही.

हा दिवा नागपुरातच एवढा का छळतो? तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरातला दाब एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. इथे मेमधली दुपार ४५ ची आणि जानेवारीतली पहाट १० च्या आसपास. त्यात आपली मंडळी भर दुपारी वर्धा रोडवरून तापलेली गाडी थेट पंपावर नेतात. काटा ३९ दाखवतो, पोरगा म्हणतो, "जास्त आहे ना भाऊ, कमी करून देतो," आणि ३३ वर आणून ठेवतो. ती वाढलेली हवा नव्हतीच, ती उष्णता होती. टायर थंड झाला की तोच आकडा २७-२८ वर येतो. महिन्याला एखादा पीएसआय आपसूक जातो तो वेगळा. मग थंडीत दिवा लागतो आणि शिव्या गाडीला.

म्हणून हवा सकाळी भरा. गाडी किमान तीन तास उभी असावी, पंप घरापासून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत असावा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नाही. नायट्रोजनला पैसे घालायचे तर घाला, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. हवा भरल्याशिवाय हा दिवा घालवणारं रीसेटचं बटण दाबू नका. जानेवारी २०२३, समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. आदल्या दिवशी दिवा लागला. शेजारी म्हणाले, "थंडीनं लागते जी, कायले टेन्शन घेता." मीही जाणता झालो होतो! स्टीअरिंगखालचं बटण दाबून धरलं, दिवा दोनतीनदा लुकलुकला, गेला. दुसऱ्या दिवशी बायको-पोरांना घेऊन नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून समृद्धीला लागलो.

माझ्या गाडीत चाकात सेन्सर नाहीत. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजून ती अंदाज बांधते, कारण हवा कमी झालेलं चाक जरा जास्त फिरतं. रीसेट दाबताना चाकांची जी अवस्था असेल तीच ती 'बरोबर' म्हणून शिकते. मागच्या डाव्या चाकात खिळा होता. मी तिला खिळ्यासकट शिकवलं. वर्धा मागे पडल्यावर रबर जळाल्याचा वास आला, दिवा त्यानंतर लागला. खाली उतरून टायरला हात लावला तर चटकाच बसला, आतली कड गोल कापत गेली होती. बाजूला झाड नाही, टपरी नाही, पोरं डिव्हायडरकडे धावायला बघतायत. क्रेन आणि मागचे दोन्ही टायर धरून वीस हजारांना पडलं. १२० च्या वेगात तो फुटला असता तर काय, ते बायको अजून ऐकवते.

तेव्हा क्रम असा: थंड टायर, चारही चाकं मोजा, हवा भरा, एकच चाक कमी दिसलं तर पंक्चर काढा, आणि मग रीसेट. बटण नसेल तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये सापडतं. रीसेट केल्यावर थोडं अंतर चालवावी लागते, तोवर यंत्रणा शिकत असते. चाकात सेन्सर असलेल्या गाड्यांत बहुधा हवा भरून दहा-वीस मिनिटं चालवली की दिवा आपणच विझतो. त्या सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते. टायर बदलताना पंक्चरवाल्याला 'आत सेन्सर आहे' हे आधी सांगा, वॉल्व्हपाशीच असतो, पान्याने तुटतो. स्टेपनीत तो नसेल तर स्टेपनी लावल्यावर दिवा जळत राहणार, घाबरू नका.

एक आमच्याच लोकांबद्दल. पुण्याहून आलेले पंपावरच्या पोराशी इंग्रजीमिश्रित हिंदीत वाद घालतात. इथला माणूस मोकळा आहे, "दादा, टायर गरम आहे, हवा काढू नको" म्हटलं की ऐकतो, वर चहाही विचारतो. मात्र पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. एकाच सकाळी दोन पंपांवर चार पीएसआयचा फरक निघालाय. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, हातात मावणारा हवा मोजायचा गेज मिळतो, तो घ्या आणि डिकीत नको, दाराच्या कप्प्यात ठेवा.