एएफएमसीच्या मुलाखतीला निघालात? या चुका टाळा

पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजची, म्हणजे एएफएमसीची बोलावण्याची यादी लागली की माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला असतो: "सर, इंटरव्ह्यूत काय विचारतात?" तिथं जायचं की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. ते निवड झाल्यावर बघू, असं मुलं म्हणतात आणि पालकही त्यांना दुजोरा देतात. मी सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत होतो, निवृत्तीनंतर या मुलांची तयारी करून घेतो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. जायचं का, हे ज्याचं ठरलेलं नाही त्याची मुलाखत पहिल्या पाच मिनिटांत भरकटते, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना ते लगेच कळतं.

पाठ केलेली देशसेवा

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, म्हणून आधी तिचं गणित सांगतो. नीटचे 720 आणि टोएलआर या इंग्रजी आणि तर्कशक्तीच्या चाचणीचे 80, असे मिळून 800 गुण होतात. ते 200 वर आणले जातात, त्यात मुलाखतीचे 50 मिळवतात आणि 250 पैकी गुणांवर यादी लागते. म्हणजे मुलाखतीतला एक गुण नीटच्या चार गुणांना भारी पडतो. (पद्धतीत बदल होऊ शकतो, त्यामुळे आपल्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही.) नीटसाठी दोन-दोन वर्षं घासलेली मुलं या 50 गुणांसाठी आदल्या रात्री कुठल्यातरी क्लासची 'हमखास प्रश्नोत्तरं' पाठ करतात. याचा मला खरंच राग येतो.

माझ्याकडे उशिरा आलेली एक मुलगी आठवते. अतिशय हुशार, नीटचे गुण उत्तम. क्लासने दिलेली उत्तरं तिने आधीच तोंडपाठ केली होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती. मुलाखतीत सैन्यात का यायचं, असं विचारल्यावर तिने सांगितलं की लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर माझ्या आदर्श आहेत. उत्तर म्हणून काहीच वावगं नाही. कानिटकर मॅडम याच कॉलेजच्या विद्यार्थिनी, पुढे इथल्या डीन, नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. पण पुढचा प्रश्न आला: "त्यांचा विषय कोणता?" मुलांचे मूत्रपिंडाचे विकार हा त्यांचा विषय, हे हिला ठाऊक नव्हतं. मग छंदाचा प्रश्न. क्लासच्या कागदावर 'ट्रेकिंग' होतं, म्हणून हिनेही ट्रेकिंग सांगितलं. "शेवटचा किल्ला कोणता चढलात?" इथं ती गप्प झाली ती झालीच.

मला वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. तिच्या वडिलांकडे गावातल्या दूध संस्थेचं काम होतं. शाळेत असल्यापासून ती तिथं फॅट मोजायला बसायची. भेसळ कशी ओळखायची, फॅट कमी लागलं की चिडलेल्या शेतकऱ्याशी कसं बोलायचं, हे सगळं तिला येत होतं. त्यावर ती अर्धा तास न अडखळता बोलली असती, आणि वाद झाला तरी डोकं थंड ठेवणारी मुलगी त्या अधिकाऱ्यांना दिसली असती. मुलींना इथं जागाच 30, मुलांना 115. त्यात उसन्या उत्तरांवर निभाव लागत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी उत्तरं लिहूच देत नाही. समोर बसवतो आणि घरी काय चालतं, कुणाचं आजारपण जवळून पाहिलंय, शेवटचं भांडण कशावरून झालं, असं विचारत राहतो. प्रत्येक उत्तरावर दोन-तीन वेळा 'का?' विचारतो. खोटं असेल ते दुसऱ्या 'का'ला गळून पडतं. जे उरतं, तेवढंच मुलाखतीत बोलायचं. माहीत नसेल तर "सर, मला माहीत नाही" हे सरळ म्हणायचं. त्याने गुण जात नाहीत, थाप मारल्याने जातात.

दुसरं काम: जाण्याआधी सैन्यातल्या माणसाशी बोला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडे आहेत, आणि माजी सैनिक तर जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतील. तुमच्या युनिटचा डॉक्टर काय करायचा, एवढंच विचारा. व्हिडिओ बघून हे कळत नाही.

काही चुका, थोडक्यात

टोएलआरला 'इंग्रजी काय, येतंच' म्हणून सोडून देणं: 40 प्रश्न, 30 मिनिटं, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. घड्याळ लावून सराव करा.

फाडफाड इंग्रजीचा आव आणणं: साधी, छोटी वाक्यं बोला. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं एएफएमसीतून डॉक्टर झाली आहेत.

महागडा सूट शिवणं: स्वच्छ इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट बास.

वैद्यकीय तपासणीचा विचार शेवटी करणं: वजन, डोळ्यांचा नंबर, रंगांधळेपणा, कानातला मळ हे सगळं महिनाभर आधी आपल्या डॉक्टरकडून बघून घ्या. आणि 'अनफिट' शेरा मिळाला तर तडक घरी परतू नका. अपिलाची सोय असते, तिची मुदत तिथंच विचारा.

'फुकटात एमबीबीएस'

हा शब्दप्रयोग करणाऱ्या पालकांना मी आधी थांबवतो. भारतीय विद्यार्थ्याला इथं शिकवणीची फी नाही, हे खरं. पण प्रवेश घेताना बाँड लिहून द्यावा लागतो आणि त्यावर पालकांचीही सही असते. शिक्षणानंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करणं बंधनकारक आहे. मध्येच सोडलं तर रक्कम भरावी लागते, आणि ती लाखांत असते.

एका वडिलांनी मुलाच्या वतीने सगळं ठरवून टाकलं होतं. मुलाला अस्थिरोग करायचं होतं, तेही एमबीबीएस संपल्यावर लगेच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पदव्युत्तर शिक्षण सैन्यात मिळतं, अगदी एएफएमसीतही मिळतं, पण आधी काही वर्षं सेवा करावी लागते आणि सेवेची गरज बघितली जाते. सुरुवातीची नेमणूक एखाद्या पलटणीचा वैद्यकीय अधिकारी म्हणून होऊ शकते. तिथं शस्त्रक्रिया नसते. जवानांचं रोजचं आजारपण, पिण्याच्या पाण्याची तपासणी, जखमीला वेळेत मागच्या रुग्णालयात पोहोचवणं, हे काम असतं. मी ते केलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्या मुलाला ते नको होतं, यात त्याचा काही दोष नाही. दुसऱ्या वर्षात त्याने कॉलेज सोडलं. बाँडची रक्कम भरताना घरच्यांना जमीन गहाण टाकावी लागली.

म्हणून बाँडचा मसुदा मुलाखतीच्या आधीच, घरात मोठ्याने वाचायचा. वाचन मुलाने किंवा मुलीने करायचं, आई-बाबांनी ऐकायचं, काका-मामांना त्या दिवशी बोलवायचं नाही. परमनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची सेवा) आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची सेवा) यांतला फरक समजून घ्या. पहिल्यात पेन्शनला पात्र व्हायलाच 20 वर्षं लागतात. कमिशनचा प्रकार आणि लष्कर, नौदल की हवाईदल, हे तुमच्या एकट्याच्या पसंतीवर ठरत नाही, गुणवत्ताही लागते. पहाटेची पीटी, गणवेश, परवानगीशिवाय बाहेर न पडणं, दर काही वर्षांनी बदली, यातलं काय जमेल आणि काय जमणार नाही, ते मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. 'आधी सीट घेऊ, मग सवय होईल' हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथं मी स्पष्ट नको म्हणून सांगतो.

एक मुलगी हे सगळं वाचून मुलाखतीलाच गेली नाही. आजीला सोडून लांब राहायचं नाही, हे तिने मला फोनवर शांतपणे सांगितलं, आणि सरकारी कॉलेजला प्रवेश घेतला. तिचा निर्णय मला निवड झालेल्या कित्येकांपेक्षा जास्त पक्का वाटला.

जे जाणार आहेत त्यांनी राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेरीचा फॉर्म तरीही वेळेत भरायचा, पसंतीक्रमासकट. दोन्हींच्या तारखा जवळजवळ येतात. एएफएमसीची शेवटची यादी आणि वैद्यकीय तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत तो अर्ज चालू राहू द्या, आणि मूळ कागदपत्रं कुठं जमा केली, कुणाकडून पावती घेतली, याची नोंद एका वहीत ठेवा.