दुसऱ्या महायुद्धावर फिरतं प्रदर्शन भरवताय? आधी या चुका टाळा

नव्या मंडळींचं एक ठरलेलं असतं: आधी उद्घाटनाचा पाहुणा ठरतो, मग हॉल आणि सगळ्यात शेवटी मजकूर. मग गूगलवरून फोटो उतरवायचे आणि रातोरात छापायला टाकायचे.

वाशीच्या एका शाळेत अणुस्फोटाचा भलामोठा फोटो लावला होता. खाली मजकूर, ‘हिरोशिमा, 6 ऑगस्ट 1945’. गोदीतून निवृत्त झालेले एक आजोबा बराच वेळ त्याला नाक लावून उभे होते. म्हणाले, “अहो, बॉम्ब शहरावर पडला ना? मग ही जहाजं कुठली?” स्वयंसेवक पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. फोटो होता बिकिनी बेटांजवळच्या जुलै 1946 मधल्या अमेरिकन चाचणीचा. बॉम्ब पाण्याखाली फोडलेला आणि भोवती मुद्दाम नांगरून ठेवलेली लढाऊ जहाजं. पुढचा प्रत्येक फलक आजोबांनी संशयानेच वाचला. बरोबरच आहे! फोटो कुठला, कधीचा, कोणाच्या संग्रहातला हे वहीत उतरल्याशिवाय माझी फाइल छपाईला जात नाही. ‘नेटवर मिळाला’ हे उत्तर मी ऐकूनच घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे थेट युरोपात उडी. कळव्यातला माणूस दोन फलक बघतो आणि चपला शोधायला लागतो. माझा पहिला फलक 14 एप्रिल 1944 च्या स्फोटाचा असतो: मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज, एकाच पोटात स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या. दुसरा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा, जिथे युद्धकाळात हजारो पोलिश निर्वासित राहिले. त्याला खेटून 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 14 वं कलम, आश्रय मागण्याचा हक्क. बस्स, एवढंच. तीसही कलमं एका फ्लेक्सवर कोंबणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ती कोणी वाचत नाही, छापणारासुद्धा नाही.

छळछावण्यांतल्या प्रेतांचे फोटो दारात लावू नका, पाचवीची पोरंही येतात. आतल्या कोपऱ्यात आडोसा करा, बाहेर पाटी लावा.

चकचकीत लॅमिनेशन नको, त्यात फक्त ट्यूबलाइट दिसते. पावसाळ्यात डबल टेपवर भिस्त ठेवलीत तर सनबोर्ड, म्हणजे फलकाचा हलका फोमचा पुठ्ठा, दुपारपर्यंत जमिनीवर. मी स्टँड आणि सुतळीच वापरतो. आणि आठ फुटी फलक करण्याआधी सोसायटीची लिफ्ट मोजून या, नाहीतर टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत बसेल आणि तुम्ही जिन्यात अडकाल.