कायोटीसाठी रायफल: आधी अंतर, मग कॅलिबर

टेक्सास किंवा वायोमिंगच्या माळावर कायोटीच्या (लांडग्यासारख्या छोट्या जंगली प्राण्याच्या) शिकारीला पहिल्यांदाच जाणार असाल, तर .२२३ रेमिंग्टन या कॅलिबरची, म्हणजे काडतुसाच्या मापाची, रायफल घ्या. जनावर जेमतेम १०-२० किलोचं, त्याला मोठी गोळी लागत नाही. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ३,२०० फूट वेगाने सुटते, धक्का कमी बसतो आणि काडतुसं स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. माझ्या मते हा सरावच कॅलिबरपेक्षा महत्त्वाचा.

उघड्या रानात २५०-३०० यार्डांवरून नेम धरावा लागत असेल, तर .२२-२५० जास्त सरळ जाते. पण तिची नळी लवकर झिजते. वारा फार असेल किंवा त्याच रायफलने हरणही मारायचं असेल, तर .२४३ विंचेस्टर बरी. मात्र ती कातड्याला मोठं भोक पाडू शकते, म्हणून कातडं विकणारे तिच्यापासून लांब राहतात.

दुकानात नळीचा पीळ, म्हणजे आतल्या सर्पिल खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, हे जरूर विचारा. १२ इंचांत एक फेरा असेल, तर ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या बऱ्या. ७० ग्रेनच्या पुढे जायचं तर ८ इंचांत एक फेरा हवा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे तांब्याची घ्या.

आणि एच-१बीवर असलेल्या आपल्या मंडळींनी आधी शिकारीचा परवाना काढावा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एरवी बंदी आहे.