जलविद्युतमध्ये नवीन येताय? आधी ‘हेड’शी पक्की ओळख करून घ्या

सिव्हिलवाल्याला धरण कळतं, मेकॅनिकलवाल्याला रनर (टर्बाइनचं फिरणारं चाक) कळतो, इलेक्ट्रिकलवाल्याला जनित्र. हेड, म्हणजे पाणी जेवढ्या उंचीवरून खाली येतं ती उंची, मात्र प्रत्येकाला दुसऱ्याच्या खात्यातलं वाटतं. मलाही तसंच वाटायचं आणि त्यापायी मी बराच काळ चाचपडत होतो. म्हणून बाकीचं थोडक्यात उरकतो आणि यावर सविस्तर लिहितो.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ९.८१ गुणिले विसर्ग गुणिले हेड गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॅटमध्ये. सूत्र बरोबरच आहे. घात होतो तो हेडच्या जागी नकाशावरचा एक आकडा कायमचा बसवून टाकल्यामुळे.

उदाहरण घ्या. जलाशयाची पातळी आणि टेलरेसची (टर्बाइनमधून निघालेलं पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेची) पातळी यांत ६० मीटरचा फरक आहे. विसर्ग सेकंदाला १०० घनमीटर, कार्यक्षमता ९० टक्के. सरळ गुणाकार केला तर ५३ मेगावॅट येतात. पण बोगदा, पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी नेणारा मोठा नळ), वळणं, झडपा यांच्यात घर्षणाने ३ मीटर गेले तर निव्वळ हेड ५७ आणि वीज सुमारे ५०.३ मेगावॅट. हा घर्षणाचा तोटा विसर्गाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. निम्म्या विसर्गाला तो दीड मीटर नाही, पाऊण मीटर असतो. इथपर्यंत बहुतेक जण येतात.

आता खरी मेख. जलाशय उतरला आणि निव्वळ हेड ५७ वरून ४२ वर आलं. गाइड व्हेन (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणारी पाती) तेवढेच उघडे आहेत. नवखा माणूस त्रैराशिक मांडतो आणि ३७ मेगावॅट सांगतो. प्रत्यक्षात मिळतात ३२ च्या आसपास. कारण हेड कमी झालं की त्याच उघडीपीतून पाणीही कमी जातं, हेडच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे मार दोन्हीकडून बसतो. विसर्ग १०० वरून ८६ वर येतो आणि वीज हेडच्या दीड घाताने घसरते. शिवाय यंत्र आपल्या आवडत्या बिंदूपासून दूर गेलेलं असतं, त्यामुळे कार्यक्षमताही थोडी खाली येते ती वेगळीच. हे गणित कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करा. नुसतं वाचून ते अंगात मुरत नाही.

खालची पातळीही विसरू नका. पुरात नदी फुगली की टेलरेसचं पाणी वर चढतं. ६० मीटरमधले ३ मीटर गेले तर फारसं बिघडत नाही, पण ८ मीटरच्या हेडमधले ३ गेले तर एक तृतीयांशाहून जास्त हेड गेलं. पाणी सर्वात जास्त असतं त्याच दिवसांत कमी हेडचं केंद्र अडखळतं, ते यामुळे. आणि पेल्टन टर्बाइनला, म्हणजे नोझलमधून सुटणाऱ्या झोताने फिरणाऱ्या यंत्राला, हा हिशेब लागूच होत नाही. त्याचा रनर हवेत, पाण्याच्या वर फिरायला हवा, म्हणून हेड नोझलपर्यंतच मोजायचं. त्याखालची उंची वायाच जाते. फ्रान्सिस आणि कॅप्लान या पाण्याने भरलेल्या टर्बाइनमध्ये ड्राफ्ट ट्यूब (रनरखालचा रुंद होत जाणारा नळ) ती उंची परत मिळवून देते.

टर्बाइनचा इतिहास मी याच कारणासाठी वाचायला सांगतो. फ्रान्सिसने १८४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या लोवेलच्या गिरण्यांसाठी काम करताना टर्बाइन मोजून, तपासून सुधारलं. पेल्टनने कॅलिफोर्नियाच्या खाणपट्ट्यात १८८० मध्ये पेटंट घेतलं, ते कमी पाणी आणि भरपूर उंचीसाठी. कॅप्लानची कोन बदलणारी पाती १९१३ ची. हेड कमी आणि सतत बदलतं असेल तर पात्यांचा कोनही बदलावा लागतो, हा त्यामागचा विचार. आजही तेच आहे. स्वित्झर्लंडमधल्या ब्युद्रोंला १,८८३ मीटर हेडवर ४२३ मेगावॅटची पेल्टन यंत्रं आहेत, तर ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपूला सुमारे ११८ मीटरवर ७०० मेगावॅटची फ्रान्सिस.

‘एवढ्या मीटरच्या वर पेल्टन, त्याखाली फ्रान्सिस’ असले तक्ते पाठ करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. तक्ता मुलाखतीपुरता ठीक. निवडीच्या वेळी हेड किती बदलतं, वर्षातले किती दिवस अर्ध्या भारावर चालवायचंय, पाण्यात गाळ किती, हे विचारावं लागतं. वरिष्ठांनी दिलेली एक्सेल शीट उघडलीत तर आधी बघा, त्यात हेड एकूण घेतलंय की निव्वळ. न बघता आकडे भरू नका, कोणीही दिलेली असो.

हा फक्त हिशेबाचा प्रश्न नाही. प्रत्येक फ्रान्सिस यंत्राला ठरावीक हेडला भाराचे काही पट्टे सोसत नाहीत. ड्राफ्ट ट्यूबमध्ये पाण्याचा भोवरा तयार होतो आणि सगळं यंत्र थरथरतं. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्राचं दोन क्रमांकाचं यंत्र अशा निषिद्ध पट्ट्यातून पुन्हा पुन्हा नेलं जात होतं. १७ ऑगस्ट २००९ ला टर्बाइनच्या झाकणाचे थकलेले बोल्ट तुटले, पाणी यंत्रगृहात घुसलं आणि ७५ माणसं गेली. म्हणून रुजू झाल्यावर आपल्या यंत्राचा हिल चार्ट (कुठल्या हेडला, किती विसर्गाला किती कार्यक्षमता ते दाखवणारा आलेख) मागून घ्या आणि हे पट्टे त्यावर स्वतः शोधा.

एवढं वाचून दडपण आलं असेल तर सांगतो, यात न जमण्यासारखं काही नाही. वर्गमूळ आणि वर्ग आले की पुरे. गुरू करायचाच असेल तर आवाजावरून भार ओळखणारा शिफ्ट ऑपरेटर शोधा. माझ्या मते तो दहा सादरीकरणांना भारी पडतो.

आणि रोज चार नोंदी एका वहीत ठेवा: जलाशयाची पातळी, टेलरेसची पातळी, गाइड व्हेनची उघडीप, मेगावॅट. एका हंगामाच्या नोंदी झाल्या की आलेख काढा. तेवढंच हेड, तेवढीच उघडीप आणि तरी वीज कमी दिसली, तर लगेच रनर झिजला म्हणून धावू नका. आधी प्रवेशद्वाराच्या जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची पातळी मोजा. कचऱ्याने तुंबलेली जाळीही हेड खाते, आणि ती साफ करायला यंत्र उघडावं लागत नाही.