महाजनांच्या अहवालातले आकडे

फोंड्याकडच्या एका देवस्थानचा, म्हणजे त्याच्या महाजनांचा (हक्कदार सभासदांचा), वार्षिक अहवाल मी झी-लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवतो. यंदा मजकुरात १,२५,००० नीट, पण पानाच्या तळाशी आणि प्रकरणांना इंग्रजी आकडे! कारण सरळ आहे: मजकुरातले आकडे आपण टंकतो, पृष्ठांक मात्र प्रणाली स्वतः मोजते. पॉलिग्लॉसिया या भाषा सांभाळणाऱ्या जोडसंचात मुख्य भाषा मराठी करून ‘न्यूमरल्स’ला ‘देवनागरी’ हे मूल्य दिलं, पृष्ठांक सुधारले. टंकलेल्या आकड्यांना ही सोय हात लावत नाही, ते बरंच. फोन नंबर आणि बँक खातं मला इंग्रजीतच हवं होतं.

खरी डोकेदुखी जमाखर्चाच्या तक्त्यात. पावणीच्या (देवळातल्या लिलावाच्या) रकमा उजवीकडे सरकवल्या तरी एककाखाली एकक येईना. त्या फॉन्टमध्ये १ अरुंद, ६ रुंद. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडण्याच्या जोडसंचात ‘नंबर्स’ला ‘मोनोस्पेस्ड’ दिलं की सगळे आकडे समान रुंदीचे होतात, पण फॉन्टमध्ये ते रूप असेल तरच. नसेल तर लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदींच्या फाइलीत) फक्त इशारा येतो, आणि लॉग कोण वाचतो? टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाबरोबर येणारं ‘ओटीएफइन्फो’ हे साधन फॉन्टमधली वैशिष्ट्यं दाखवतं. त्यात ‘टीनम’ (समान रुंदीच्या आकड्यांचं वैशिष्ट्य) दिसलं नाही, म्हणून तक्त्यापुरता दुसरा फॉन्ट घेतला.

इंग्रजी आकड्यांसाठी ‘ओल्डस्टाइल’ हे जुन्या वळणाचं रूपही पाहिलं. त्यात ३, ४, ५, ७, ९ रेषेखाली उतरतात. परिच्छेदात छान, पण शिरोरेषेच्या ओळीत फोन नंबर डगमगतो. तिथे ‘लायनिंग’, म्हणजे सारख्या उंचीचे आकडेच ठेवले.