न्यायालयात नव्याने रुजू होताना: दप्तर, सही आणि विभागीय चौकशी

जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालात की टेबल मिळतं आणि त्यामागच्या कपाटातले रुमालही, म्हणजे फायली बांधून ठेवलेली कापडी गाठोडी. कार्यभार घेताना प्रकरणं मोजल्याशिवाय सही करू नका. नोंदवही आणि कपाट जुळत नसेल तर अमुक क्रमांकाचं प्रकरण आढळलं नाही, असं कार्यभार यादीतच लिहा आणि त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा. एकदा सही झाली की आधीच गहाळ असलेल्या फायलीचा जाबही तुम्हालाच विचारतात. पुढेही फाईल टेबलावरून हलली की घेणाऱ्याची सही घ्यायचीच, मग तो रोज शेजारी बसून डबा खाणारा का असेना.

हरवणं आणि फेरफार यांत मोठा फरक आहे. फाईल चुकीच्या रुमालात बांधली गेली तर तो निष्काळजीपणा. ठपका किंवा वेतनवाढ रोखण्यावर बहुधा भागतं. पण रोजनाम्यातली (प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतली) तारीख बदलली किंवा निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेला दस्त काढून दुसरा घातला, की प्रश्न सचोटीचा होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 3 लागतो, शिवाय न्यायालयाच्या अभिलेखाच्या बनावटीकरणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 337 आहेच. म्हणून लिहिताना चूक झाली तर व्हाइटनर नको, गिरवणं नको. एकच रेघ मारा, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. रोजनाम्यावर न्यायाधीशांची सही होऊन गेली असेल तर दुरुस्ती त्यांच्या आदेशाशिवाय करायचीच नाही.

बेलीफ, म्हणजे समन्स बजावणारे कर्मचारी, अडकतात ते अहवालात. समन्स दारावर डकवलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 17 प्रमाणे कोणत्या परिस्थितीत डकवलं, घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर डकवलं, त्यांची नावं-पत्ते लिहावे लागतात. ‘घराला कुलूप होतं’ एवढंच लिहून परतलेला अहवाल पुढे शपथेवर तपासला जातो, आणि त्या गावी गेलातच नव्हता हे निघालं तर सावरायला जागा उरत नाही. खोट्या बजावणीमुळे एखाद्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो, त्याची जमीन जाऊ शकते. शिक्षा कडक असते ती यामुळे.

नाझर शाखेत, म्हणजे न्यायालयाच्या रोख रकमेच्या शाखेत, पावती फाडली की रक्कम त्या दिवसाच्या रोखवहीत आलीच पाहिजे. ‘दोन दिवसांनी भरली’ हा बचाव होत नाही. तो तात्पुरता अपहारच.

तक्रार आली की आधी खुलासा मागतात. घाईत कोणी सांगेल तसं ‘चूक झाली, माफी असावी’ लिहून देऊ नका, पुढे तोच कागद कबुली म्हणून जोडला जातो. संबंधित नोंद पाहायला मागा, जे घडलं तेवढंच खरं लिहा, प्रत ठेवा. खोटा खुलासा हा स्वतंत्र दोषारोप ठरू शकतो.

निलंबन ही शिक्षा नव्हे. निर्वाह भत्ता मिळतो. पोलीस कोठडी 48 तासांपेक्षा जास्त झाली तर निलंबन मानीव असतं, म्हणजे निलंबन झालं असंच धरलं जातं. मोठ्या शिक्षेसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या नियम 8 प्रमाणे दोषारोपपत्र येतं. त्यात दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी असते. उत्तर देण्याआधी यादीतला प्रत्येक मूळ कागद तपासा.

चौकशीत फौजदारी खटल्यासारखा शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही, संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात. तरी नुसता कागद दाखल झाला म्हणून त्यातला मजकूर सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रूपसिंग नेगी प्रकरणात (2009) सांगितलं आहे. साक्षीदार आला तर उलटतपासणी सोडू नका. हजर राहिला नाहीत तर चौकशी एकतर्फी पुढे जाते.

चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत निर्णयाआधी मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या करुणाकर निकालापासून पक्कं आहे. तिच्यावर लेखी म्हणणं द्या, निष्कर्षागणिक, पुराव्याच्या पान क्रमांकासह.