जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बदलताय? या चुका टाळा

गाडी मागून बसली की पहिला सल्ला मिळतो तो शॉकअप बदलण्याचा. पैसे इथेच वाया जायला लागतात. गाडीचं वजन तोलून धरते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिचं डुलणं थांबवण्याचं. गॅस भरलेला नवा शॉकअप गाडी काही मिलिमीटर वर उचलतो खरा, आणि तेवढ्यावरच फसगत होते. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल तर शॉकअप गेलेत. उभी गाडीच खाली बसली असेल, एका अंगाला कलली असेल किंवा टायर आत घासत असेल तर स्प्रिंग तपासा.

आधी उंची मोजा. जागा सपाट हवी, टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी. गाडी जॅकवरून उतरवली असेल तर दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून घ्या. नाहीतर चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी उगाच उंच दिसते. माप जमिनीपासून घेऊ नका, टायरचा साइज बदललेला असेल तर तो आकडा निरुपयोगी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या आणि चारही कोपऱ्यांचे आकडे लिहून ठेवा.

गाडी कललेली असेल तर दोष पुढे की मागे, हे नुसतं बघून कळत नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सोडवा आणि मागून पाहा. मागचा भाग सरळ झाला तर दुखणं पुढच्या स्प्रिंगमध्ये आहे; तरीही कललेलाच राहिला तर मागच्या. गाडी अशी एकट्या जॅकवर असताना तिच्याखाली मात्र जायचं नाही.

जुनी स्प्रिंग म्हणजे मोजपट्टी नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्प्रिंग काढायची, टेप लावायचा आणि ‘एवढ्याच लांबीची द्या’ म्हणायचं. जी बसली म्हणून काढली, तिच्याच लांबीची नवी घेतली तर गाडी पुन्हा तिथेच बसणार. भंगारातून आणलेल्या स्प्रिंगेचंही तेच. तीही कुणाच्या तरी गाडीखाली वर्षानुवर्षं दबलेली असते.

दुसरा गैरसमज असा, की जुनी स्प्रिंग ‘मऊ पडते’. पोलादाचा कडकपणा वयाने जवळजवळ बदलत नाही. कमी होते ती मोकळी लांबी, म्हणजे भार नसतानाची लांबी. गंजून सळी बारीक झाली तर गोष्ट वेगळी, पण अशी स्प्रिंग गंजाच्या खड्ड्यातूनच तुटते. म्हणून बसलेल्या गाडीला मूळ कडकपणाची, मूळ उंचीची स्प्रिंग लागते. ‘जरा कडक द्या’ हा त्यावरचा उपाय नाही.

हिशोब करून पाहू. एका स्प्रिंगवर ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०६ किलो भार आहे. स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा भार, २० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर ती १५० मिमी दबेल. मोकळी लांबी ३६० असेल तर गाडीखाली २१० उरेल. आता त्याच ३६० लांबीची, पण २५ रेटची स्प्रिंग घातली तर ती फक्त १२० दबते आणि २४० वर थांबते. लांबी तीच, पण स्प्रिंग ३० मिमी उंच. मूळ उंची हवी असेल तर २५ रेटची स्प्रिंग ३३० मिमीचीच हवी. त्यामुळे दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या करून ‘ही आखूड आहे, चुकीची दिली’ असं ठरवणं धोक्याचं. मोकळ्या लांबीबरोबर रेट किंवा ठरावीक भाराखालची लांबी कळल्याशिवाय तुलनाच होत नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. चाक हवेत सुटल्यावर स्प्रिंगची जागा २१० वरून ३०० मिमीपर्यंत उघडत असेल, तर स्प्रिंग मोकळेपणी ३०० हून लांबच हवी. गाडी खाली बसवण्याच्या हौसेने २५ रेटचीच २९० मिमीची घातली, तर मोठ्या खड्ड्यात चाक सुटताच ती बैठकीतून सैल होते, फिरते, कधी बाहेरही येते.

सळीची जाडी: अर्ध्या मिलिमीटरचा फरक

रेट सळीच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. १२ मिमीऐवजी १३ मिमीची सळी आली, बाकी सगळं तसंच, तर रेट तब्बल ३८ टक्क्यांनी वाढतो. मोजण्यात ०.३ मिमीची चूक झाली तरी १० टक्के फरक पडतो. म्हणून रंगाचा थर खरवडून, गंज नसलेल्या जागी, दोन-तीन ठिकाणी व्हर्नियर लावा. रेट काढायला वेढ्याचा मध्य व्यासही हवा: बाहेरचा व्यास वजा सळीची एक जाडी. वेढे मोजताना दोन्ही टोकांचे बैठकीला टेकलेले वेढे सोडून द्या. दबतात तेवढेच धरा.

रेट कोणत्या एककात लिहिलाय तेही बघा. पाउंड प्रति इंच असेल तर ०.१७५ ने गुणा, किलो प्रति मिलिमीटर असेल तर ९.८१ ने, उत्तर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये येतं. शिवाय स्प्रिंग कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या) मध्यावर बसत असेल, तर चाकापाशी चित्र वेगळं असतं. चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ६ मिमी हलते असं धरलं, तर चाकाला रेटचा फक्त ०.३६ पट भाग जाणवतो आणि स्प्रिंगखालच्या १० मिमी पॅकिंगने गाडी जवळपास १७ मिमी उचलली जाते. स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर असतात तिथे, हे प्रमाण एकाजवळ असतं, म्हणून एका गाडीचा अनुभव दुसरीला लावू नये.

मॉडेलच्या नावावर स्प्रिंग मागवणंही अपुरं. डिझेल की पेट्रोल, एसी, ऑटोमॅटिक गिअर, मागे गॅसची टाकी यांनी पुढचं-मागचं वजन बदलतं. काही गाड्यांत डावी-उजवी स्प्रिंगही वेगळी असते. सळीवरचे रंगाचे पट्टे भार किंवा उंचीचा गट सांगतात, पण ही खूण प्रत्येक कंपनीची आपापली असते. एकाचा पिवळा पट्टा दुसऱ्याच्या पिवळ्याशी जुळवू नका.

जुगाड

वेढा कापला की गाडी खाली येते आणि कडकही होते: सहातला एक गेला की रेट २० टक्के वाढतो. टोक मात्र बैठकीत नीट बसत नाही. गॅसने तापवून ‘बसवलेली’ स्प्रिंग तर टाकूनच द्या. तिचा पाणी दिलेला कस गेलेला असतो. वेढ्यांमध्ये रबर किंवा धातूचा ठोकळा अडकवला की तेवढे वेढे निकामी होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो.

एकच बाजू बदलणं हाही जुगाडच. तुटलेली एकच असली तरी त्या अॅक्सलच्या दोन्ही बदला.

बसवताना

स्प्रिंग दाबण्याचा कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे फिरवा, एअर गन वापरू नका. स्प्रिंग बैठकीत सैल हलायला लागेपर्यंत स्ट्रटच्या वरच्या नटला हात लावायचा नाही. वरची-खालची रबरी बैठक आणि बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) नवे घाला. रबर दबलेलं असेल तर नवी स्प्रिंग घालूनही उंची कमी भरते आणि खुळखुळ सुरू होते. सळीचं टोक बैठकीच्या खाचेत अडलंय ना, ते बघा.

कंट्रोल आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना पक्के आवळू नका. सांध्यातल्या बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी उतरवली की पिळलं जातं आणि लवकर फाटतं. शिवाय उंचीचं मापही खोटं येतं. बोल्ट नुसते अडकवा, वजन चाकांवर आल्यावर टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा.

मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर ते आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, ताणलेले पुन्हा वापरू नका. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळी) असेल तर डावा-उजवा एकमेकांच्या जागी घालू नका; बनवतानाच त्याला एका दिशेने पीळ देऊन ठेवलेला असतो.

शेदोनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्या की उंची पुन्हा मोजा, मगच अलाइनमेंट करा आणि हेडलाइट जुळवा. मागच्या अॅक्सलला ब्रेकच्या लोड व्हॉल्व्हची कांडी जोडलेली असेल तर तीही लावून घ्या. मागची उंची वाढली की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो.